वनस्पतींमधल्या बहुशर्करा आणि नैराश्य : उंदरांचं ठीक, माणसांचं काय?

अर्धविराम (धागालेखक)

नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचे रेणू आकाराने चिमुकले असतात. फ्लुओक्सेटिनचा रेणुभार जेमतेम 309. गोळी घेतली की हा रेणू रक्तात उतरतो, तिथून मेंदूत शिरतो आणि चेतापेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत उचललं जाऊ देत नाही. वनस्पतींमधल्या बहुशर्करा, म्हणजे पॉलिसॅकराइड्स, हे मात्र अवाढव्य प्रकरण आहे. साखरेचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांत गुंफून झालेल्या या साखळ्या, कुठे सरळ, कुठे फांद्या फुटलेल्या. रेणुभार दहा हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत. त्या आतड्याच्या अस्तरातूनच धड पार होत नाहीत, मेंदूपर्यंत जाण्याची बात दूरच.

तरीही गेल्या दहा-पंधरा वर्षांत नैराश्यावर या साखळ्यांचा उपयोग होतो का, यावर निबंधांची रीघ लागली आहे. गोजी बेरी, जिनसेंग, पॉलिगोनेटम, भेंडीसुद्धा. बरंचसं काम चीनमधलं आणि जवळजवळ सगळं उंदरांवरचं. मी जीवरसायनशास्त्राचा माणूस, त्यामुळे उपचारांबद्दल जाणकारांनी लिहावं. मला ओढ आहे ती यामागच्या यंत्रणेची.

जे मेंदूत जातच नाही ते मेंदूवर काम कसं करणार? याचं उत्तर मोठ्या आतड्यात आहे. स्टार्च आपण स्वतः पचवतो. पेक्टिन, इन्युलिन, अरॅबिनोगॅलॅक्टन वगैरे मंडळी तोडायला लागणारी विकरं (एन्झाइम) आपल्याकडे नाहीत. ती जिवाणूंकडे आहेत, आणि भरपूर आहेत. बॅक्टेरॉइड्स थीटायोटाओमायक्रॉन या एकाच जिवाणूचा जनुकसंच 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात साखरेच्या साखळ्या तोडणारी 200 हून अधिक विकरं निघाली. या तोडफोडीतून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं तयार होतात. त्यातलं ब्युटिरेट म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन. पेशींना ते नीट मिळालं की अस्तर घट्ट राहतं, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात कमी झिरपतात आणि शरीरभरचा सौम्य दाह (इन्फ्लमेशन) आटोक्यात राहतो.

दाहाचा आणि नैराश्याचा संबंध काही ओढूनताणून आणलेला नाही. हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉन अल्फा दिलं जायचं त्या काळात बऱ्याच रुग्णांना ते औषध चालू असतानाच नैराश्य यायचं, आधी मन:स्थिती उत्तम असली तरी. दाह वाढला की आयडीओ नावाचं विकर कामाला लागतं, सेरोटोनिनचा कच्चा माल असलेलं ट्रिप्टोफॅन सेरोटोनिनकडे न जाता कायन्युरेनिनच्या वाटेला लागतं, आणि त्या वाटेवर क्विनोलिनिक आम्लासारखे चेतापेशींना जाचक पदार्थ तयार होतात.

आतडं-मेंदू दुव्याचे प्राण्यांमधले पुरावे तर आता बरेच जुने झाले. पूर्णपणे जिवाणूमुक्त वाढवलेल्या उंदरांमध्ये ताणाची संप्रेरकं जास्त उसळतात, हे जपानमधल्या गटाने 2004 मध्ये दाखवलं. 2011 मध्ये एका लॅक्टोबॅसिलस जिवाणूचा उंदरांच्या वागण्यावर चांगला परिणाम दिसला, पण आतड्याला मेंदूशी जोडणारी व्हेगस चेता कापल्यावर तो गायब झाला. म्हणजे निरोप या चेतेवाटे जात होता. 2016 मध्ये नैराश्यग्रस्त माणसांच्या विष्ठेतले जिवाणू उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये सोडल्यावर त्यांच्यातही तशी लक्षणं दिसल्याचे दोन स्वतंत्र निबंध आले.

यात बहुशर्करा बसतात त्या जिवाणूंचा खुराक म्हणून. साखळीची रचना बदलली की कोणते जिवाणू पोसले जातील हेही बदलतं, आणि मला खरी गंमत तिथे वाटते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण कुणीतरी लिहिणारच. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं हे खरं, पण ते रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाही. त्यामुळे "पोट खूश तर मेंदूत सेरोटोनिन" हे समीकरण चुकीचं आहे.

--

काजवा

मस्त धागा. वाचतोय. यातलं एखादं औषध म्हणून प्रत्यक्ष वापरात आहे का कुठे?

--

अर्धविराम

आहे. मोरिंडा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीच्या मुळांपासून काढलेल्या साखळ्यांच्या कॅप्सुलला चीनमध्ये 2012 साली सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी मान्यता मिळाली. त्या इन्युलिन जातीच्या, फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या आहेत, म्हणजे काटेकोरपणे त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणायचं. बहुशर्करांची धाकटी भावंडं. मोठ्या बहुशर्करांच्या बाबतीत गोजी बेरीवर 2022 मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली: निदानाच्या उंबरठ्याखालचं नैराश्य असलेली 29 किशोरवयीन मुलं, रोज 300 मिलिग्रॅम किंवा प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा), सहा आठवडे. नैराश्याचे गुण प्लासिबोपेक्षा जास्त उतरले.

--

हिरवळ

मोरिंडा म्हणजे नोनीच ना? नोनीचा रस तर सगळीकडे मिळतो. मग कॅप्सुल कशाला शोधायची?

--

अर्धविराम

प्रजाती वेगळी आहे. नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया, आणि तिच्या फळांचा रस काढतात. इथे दुसऱ्या प्रजातीच्या मुळांमधल्या ठरावीक साखळ्या वेगळ्या काढल्या आहेत. आडनाव एक असलं म्हणून एकाची पदवी दुसऱ्याला लागू होत नाही. शिवाय नोनीच्या रसात पोटॅशियम बरंच असतं, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी जपून.

--

शंकासुर

धागा माहितीपूर्ण आहे, पण "उंदरांमध्ये नैराश्य कमी झालं" हे वाक्य कसं तयार होतं ते लोकांना कळायला हवं.

काचेचं एक उभट भांडं असतं. त्यात उंदराचे पाय तळाला टेकणार नाहीत इतकं पाणी. उंदीर सोडतात. सुरुवातीला तो जिवाच्या आकांताने पोहतो, काचेवर पंजे मारतो, कडेने चकरा घालतो. मग थकतो किंवा शहाणा होतो, आणि नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करत तरंगतो. सहा मिनिटांची चाचणी. त्यातल्या शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद स्थिर राहिला ते मोजायचं. जास्त स्थिर म्हणजे जास्त "हताश". औषध दिल्यावर स्थिर राहण्याचा वेळ घटला की औषध नैराश्यरोधक! पोर्सोल्ट यांनी 1977 मध्ये ही पद्धत मांडली आणि औषध कंपन्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण ती झटपट उरकते.

आता सांगा, बाहेर पडायला वाट नाही हे उमगल्यावर ताकद राखून ठेवणारा उंदीर हताश की हुशार? या आक्षेपावर बरंच लिहिलं गेलंय आणि काही मोठ्या कंपन्यांनी ही चाचणी सोडूनही दिली आहे. शेपटीला टांगायची चाचणी त्याच माळेतली. साखरपाणी किती पितो ही त्यातल्या त्यात बरी, पण ज्या प्राण्याला महिनाभर साखळ्यांचा अर्क पाजलाय त्याची गोडाची आवड मोजून आनंद ठरवायचा, हेही मला जरा गमतीदार वाटतं.

अर्धविराम, तुमच्या यंत्रणेतही एक भोक आहे. आतड्यात तयार झालेलं ब्युटिरेट बहुतांशी तिथल्याच पेशी जाळतात, उरलेलं यकृत गिळतं. पुढच्या रक्तात येतं ते अगदी किरकोळ. उंदरांच्या ज्या प्रयोगांत ब्युटिरेटने मेंदूत बदल दिसले, त्यातल्या अनेकांत ते थेट टोचलेलं होतं, तेही दणकट मात्रेत.

--

अर्धविराम

ब्युटिरेटचा आक्षेप मान्य. म्हणूनच ते स्वतः मेंदूत जाऊन काम करतं यापेक्षा अस्तर, दाह आणि व्हेगस या वाटांवर माझा जास्त विश्वास आहे. पोहण्याच्या चाचणीबद्दल एकच भर घालतो. बऱ्या निबंधांमध्ये केवळ ती नसते. काही आठवडे रोज वेगवेगळा, अंदाज येऊ न देणारा सौम्य ताण देतात: ओलं अंथरूण, तिरका पिंजरा, उलटसुलट दिवस-रात्र. मग वागणूक, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफ (चेतापेशींना पोसणारं प्रथिन) आणि दाहाचे दर्शक असं सगळं पाहतात. परिपूर्ण नाही, पण नुसत्या भांड्यापेक्षा बरं.

--

खडीसाखर

टोपणनावाला जागून लिहिते. पीएचडीत मी हेच केलं, बहुशर्करा काढणे. नैराश्यासाठी नाही, प्रतिकारशक्तीच्या कामासाठी. त्यामुळे निबंधात "पॉलिसॅकराइड" लिहिलेलं असलं की माझी नजर आधी पद्धतीच्या विभागात जाते.

वाळलेल्या मुळांची पूड गरम पाण्यात तास-दोन तास ठेवायची, गाळायची, आटवायची. मग त्या चहाच्या रंगाच्या द्रवात चौपट अल्कोहोल ओतायचं. ओतताना द्रव ढगाळतो आणि मळकट पांढरे, कापसासारखे पुंजके तरंगायला लागतात. रात्रभर थंडीत ठेवलं की ते तळाशी बसतात. वाळवल्यावर फिकट तपकिरी चूर्ण हातात येतं. कितीतरी निबंधांमध्ये उंदरांना पाजलेली "बहुशर्करा" म्हणजे हेच कच्चं चूर्ण. त्यात साखळ्या असतात हे नक्की. पण सोबत प्रथिनं असतात, चिकटून आलेली पॉलिफेनॉल्स असतात, क्षार असतात. प्रथिनं काढायला क्लोरोफॉर्म आणि ब्युटेनॉल घालून वारंवार घुसळावं लागतं, मग डायलिसिस (पडद्यातून छोटे रेणू गाळून टाकणं), मग स्तंभांमधून वेगळं करणं. प्रत्येक पायरीला माल कमी होत जातो. महिनाभर उंदरांना पुरेल इतका शुद्ध माल काढायचा तर कंबरडं मोडतं, म्हणून लोक कच्च्यावर भागवतात.

आता खरा घोळ. जिवाणूंच्या कवचात लिपोपॉलिसॅकराइड असतं, एलपीएस. उंदरांमध्ये दाह आणि नैराश्यासारखी लक्षणं निर्माण करायला हेच टोचतात. झाडाच्या मुळांवर, पानांवर जिवाणू असतातच, त्यामुळे वनस्पतीच्या अर्कात एलपीएस येऊ शकतं, आणि नेहमीच्या शुद्धीकरणात ते सहज निघत नाही. पेशींवरच्या प्रयोगांत "वनस्पतीच्या बहुशर्करेने प्रतिकारपेशी जाग्या झाल्या" असं दिसतं त्यात वनस्पतीचं श्रेय किती आणि त्या जिवाणूंच्या कचऱ्याचं किती, हा वाद जुना आहे. तोंडाने पाजलं तर परिणाम कमी होतो, पण निबंधात एलपीएस मोजलंच नसेल तर मी त्यातल्या दाहाच्या आकड्यांकडे दुरूनच बघते.

आणखी एक. त्याच वनस्पतीचं मूळ दुसऱ्या हंगामात काढलं, दुसऱ्या तापमानाला उकळलं, की साखळीची लांबी आणि घटक साखरांचं प्रमाण बदलतं. छोट्या रेणूच्या गोळीत हा प्रश्न नाही. इथे दोन प्रयोगशाळा एकच नाव लिहून दोन वेगळे पदार्थ पाजत असू शकतात.

--

काजवा

खडीसाखर, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हावा इतका भारी आहे.

--

हिरवळ

इतका कीस काढायची गरज आहे का? वनस्पतीचं आहे, साखर आहे, अपाय तर होणार नाही. गोळ्यांचे दुष्परिणाम बघा जरा. उपयोग नाही झाला तर सोडून द्यायचं.

--

मनकवडा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, टोपणनाव निव्वळ थट्टेने घेतलंय.

हिरवळ, "उपयोग नाही झाला तर सोडून द्यायचं" यातली मधली मुदत नैराश्यात फार महाग पडते. मध्यम-तीव्र नैराश्य असलेला माणूस दोन-तीन महिने अर्कावर काढतो आणि त्या काळात नोकरी, अभ्यास, नाती आणि कधीकधी जीवही पणाला लागलेला असतो. आत्महत्येचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर, रुग्णालय किंवा हेल्पलाइन. तिथे अर्काचा विषयच नाही.

अपायाचं म्हणाल तर गोजी बेरीमुळे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका निर्माण झाल्याच्या नोंदी आहेत. जिनसेंग आणि एमएओआय गटाची नैराश्यावरची जुनी औषधं जमत नाहीत. सेंट जॉन्स वर्ट तर कुप्रसिद्ध आहे (त्याचे क्रियाशील घटक बहुशर्करा नव्हेत, पण "वनस्पतीचं आहे" या वर्गात तेही येतं): एसएसआरआयबरोबर (फ्लुओक्सेटिनच्या गटातली औषधं) घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनचा धोकादायक अतिरेक, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी.

आता पुराव्याची तुलना. 2018 च्या मोठ्या विश्लेषणात 21 नैराश्यरोधक औषधांच्या 522 चाचण्या होत्या, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण. निष्कर्ष काय, तर सगळी औषधं प्लासिबोपेक्षा सरस, पण फरक बेताचाच. एवढ्या डोंगरातून एवढं निघतं. दुसऱ्या बाजूला 29 मुलांची एक चाचणी. या आजारात प्लासिबो गटातलेही तीस-चाळीस टक्के लोक सुधारतात, त्यामुळे छोट्या चाचणीत काहीही दिसू शकतं.

हेही खरं की आमच्याकडची औषधं पुरी पडत नाहीत. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णांचीच लक्षणं पूर्ण गेली. त्यामुळे नव्या वाटांकडे मी नाक मुरडत नाही. मला यात आशा दिसते ती एका विशिष्ट गटासाठी. 2013 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध उपचारांना दाद न देणाऱ्या 60 रुग्णांमध्ये वापरून पाहिलं. सरसकट फायदा शून्य. पण ज्यांचं सीआरपी (रक्तातला दाहाचा दर्शक) लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर होतं, त्यांच्यात सुधारणा दिसली. बहुशर्करा जर दाहाच्या वाटेने काम करत असतील तर त्यांची परीक्षा अशाच रुग्णांमध्ये व्हायला हवी. सगळ्यांना एका रांगेत बसवून दिलं तर उत्तर "नाही" असंच येणार.

--

शंकासुर

आणि आलंही आहे, प्रीबायोटिक्सच्या, म्हणजे जिवाणूंच्या खुराकाच्या बाबतीत. 2019 मध्ये 110 रुग्णांची आठ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली: एका गटाला प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत जिवाणूच), एकाला गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, एकाला प्लासिबो. प्रोबायोटिकवाल्यांचे गुण सुधारले, साखळीवाले प्लासिबोच्या आसपासच. त्याच वर्षीच्या 34 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही प्रोबायोटिक्सचा छोटासा फायदा आणि प्रीबायोटिक्सचा काहीच नाही.

--

अर्धविराम

हो, आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड सहसा दुधातल्या लॅक्टोजपासून बनवतात, म्हणजे ती वनस्पतीची साखळी नव्हे. आणि साखळ्या एकमेकींच्या बदली चालत नाहीत, याचा नमुना 2015 च्या एका चाचणीत आहे. 45 निरोगी लोकांना तीन आठवडे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड किंवा प्लासिबो दिलं. सकाळी उठल्यानंतरची कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची उसळी फक्त गॅलॅक्टोवाल्यांमध्ये कमी झाली, फ्रुक्टोवाल्यांमध्ये नाही. गंमत म्हणजे चीनमध्ये मान्यता मिळालेल्या मोरिंडाच्या साखळ्या फ्रुक्टोच्याच घराण्यातल्या! म्हणजे "प्रीबायोटिक चालतं की नाही" हा प्रश्नच फार ढोबळ आहे.

--

खडीसाखर

आणि खाणारा जिवाणू घरात हजर हवा. बेल्जियममधल्या 1054 लोकांच्या अभ्यासात (2019) नैराश्य असलेल्यांमध्ये कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले, औषधांचा परिणाम वजा करूनही. कोप्रोकॉकस ब्युटिरेट बनवतो. तो आधीच आटला असेल तर खुराक वाढवून तो परत येईल, की भलताच कुणी तो खुराक खाईल, हे चाचणीच्या आधी आणि नंतर जिवाणू तपासल्याशिवाय कळणार नाही. माझ्या हातात असतं तर मी एकच शुद्ध, रचना माहीत असलेली साखळी घेतली असती, सीआरपी वाढलेले रुग्ण निवडले असते आणि चालू औषध तसंच ठेवून वरून ही दिली असती.

--

शंकासुर

+१. आणि साखळ्यांनी पोट फुगतं, तेव्हा प्लासिबोसुद्धा पोट फुगवणारा हवा. नाहीतर कुणाला काय मिळतंय ते दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळेल.

--

रानवारा

इतके दिवस वाचनमात्र होते. नैराश्यासाठी एसएसआरआय आणि जोडीला लिथियम चालू आहे, बरी आहे. गोजी-जिनसेंगच्या फंदात पडणार नाही, मनकवडा, काळजी नसावी. पण औषधांमुळे पोट साफ होत नाही म्हणून रात्रीच्या गोळ्यांबरोबरच इसबगोल घेते. तीही बहुशर्कराच की. तिचं काही वावगं?

--

खडीसाखर

हो, बहुशर्कराच, अरॅबिनोझायलन. पण ती जिवाणूंकडून फारशी तुटत नाही, पाणी धरून जेल होऊन तशीच पुढे जाते. म्हणून पोटाला बरी, आणि या धाग्यातल्या ब्युटिरेटच्या गोष्टीत तिचा वाटा कमी.

--

मनकवडा

रानवारा, इसबगोल बंद करू नका, पण गोळ्यांबरोबर घेऊ नका. त्या जेलमध्ये लिथियम अडकून रक्तातली पातळी खाली आल्याच्या नोंदी आहेत. गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा आणि वर भरपूर पाणी प्या. मात्र हा बदल करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. आतापर्यंतची मात्रा इसबगोलासकट बेतलेली असेल, तर अंतर ठेवल्यावर पातळी वरही जाऊ शकते. साधारण आठवड्याने लिथियमची तपासणी करून घ्या, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. मधल्या काळात जुलाब झाले, हात जास्त थरथरले किंवा तोल जायला लागला तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर तीही त्याच सुईत उरकता येईल.